हृदयमित्रांच्या सत्कारानिमित्त पालकमंत्री महोदयांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

29 सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनी आपल्या हस्ते जिल्ह्यातील हृदयमित्रांचा सत्कार झाला, त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करते. पदरच्या पेट्रोलने शाळाशाळांतून फिरून सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचा प्रथमोपचार, शिकवणाऱ्यांना कोणी व्यासपीठावर बोलावले, हे चांगलेच झाले. मात्र त्यांच्यातील एक, आमच्या चौकातला रिक्षाचालक, दिवसाचा धंदा बुडवून दुपारपासून ताटकळत बसला होता आणि आपण दिवेलागणीला आलात. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला. दोन शब्द बोलायला तो उभा राहिला, तेव्हा माईक काढून घेण्यात आला, कारण आपल्याला पुढच्या उद्घाटनाला जायचे होते.

त्याला जे सांगायचे होते ते मी सांगते. गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ बाजारात कोसळला. या माणसाने रिक्षा रस्त्यातच सोडून धाव घेतली आणि श्वास नाही असे पाहताच शिकवल्याप्रमाणे छातीच्या मध्यावर दाब देणे सुरू केले: मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल. भोवतीचे लोक कांदा हुंगवायला सांगत होते, उरलेले मोबाइलवर चित्रण करत होते. समोरच्या सरकारी इमारतीत भिंतीवर एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र होते, ज्याचे लोकार्पण आपणच केले होते आणि तेथे चोवीस तास प्रशिक्षित माणूस राहील असा शब्दही दिला होता. पेटीला कुलूप होते. किल्ली शिपायाकडे होती, शिपाई रविवार म्हणून गावी गेलेला होता. बंद पडलेल्या हृदयाला झटका मिळायला उशीर झाला, की सीपीआरविना दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. सीपीआरने ही घसरण मंदावते, थांबत नाही. रुग्णवाहिका केव्हा आली हे लिहायला हात धजत नाही. भावजय अजून त्याचा डबा धुऊन ओट्यावर ठेवते, आई त्याच्याविषयी विचारते आणि आम्ही तिला काहीबाही सांगतो.

पुढचे तर आपल्या कानावरही नसेल. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि त्या रिक्षाचालकालाच जबाबासाठी हेलपाटे सुरू झाले. मयताच्या मनगटावरचे घड्याळ कुठे गेले, असे त्याला विचारण्यात आले. ते घड्याळ आमच्या घरी कपाटात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदतकर्त्यांना संरक्षण दिले, 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले, पण ते सारे वाहन अपघातापुरते. अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्यास केंद्राच्या राहवीर योजनेत 25,000 रुपयेही मिळतात. म्हणजे माझा भाऊ ट्रकखाली आला असता, तर त्याला उचलणारा कायद्याने सज्जन ठरला असता. भावाने चुकीच्या कारणाने मरण्याचा प्रमाद केला, त्याला आम्ही तरी काय करणार?

डेन्मार्कने 2005 मध्ये शाळांत सीपीआर सक्तीचे केले. तेथे 2001 ते 2010 या काळात मदतीला धावणारे दुपटीहून अधिक झाले आणि वाचणारे जवळपास तिप्पट. आपल्याकडे शाळांत काय सक्तीचे आहे ते आपण जाणताच. एक एईडी लाख-दीड लाखाला मिळते, असे ऐकते. त्या दिवशीच्या कमानी आणि फलक यांत दोन तरी सहज आली असती. पण यंत्राच्या बॅटरीवर छायाचित्र छापता येत नाही. या राज्यात वस्तू लोकार्पणासाठी घेतल्या जातात, वापरासाठी नव्हे. रस्ता असो, पाण्याची टाकी असो, की माणसाचे हृदय. आणि त्या बिघडल्या की जबाबदार कोण, हे विचारणाऱ्यालाच अर्ज घेऊन तीन टेबले फिरवले जाते.

पेट्या कुलपाविना ठेवाव्यात, बॅटरी आणि छातीला चिकटवायचे पॅड यांच्या मुदतीची तारीख दर्शनी भागी लावावी, आणि हृदय बंद पडलेल्याला मदत करणाऱ्यासही अपघातातील मदतकर्त्याइतकेच संरक्षण मिळावे, यासाठी आपण शासनदरबारी शब्द टाकावा. तूर्त एवढेच करा: सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी त्या रिक्षाचालकाला पुन्हा जबाबासाठी बोलावणे आले आहे. येत्या सोमवारी, ऐन धंद्याच्या वेळी. ते थांबवायला एक फोन पुरेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका