आमच्या मिस्त्रींचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून चार लोकांसमोर लिहितोय.

आमच्या ओम्नीच्या मागच्या मडफ्लॅपची पट्टी सुटली होती. पत्र्याच्या पोकळ चॅनलच्या आत वेल्ड केलेला नट गंजून सुटलेला, बोल्टबरोबर गरागरा फिरत होता. चॅनल चारी बाजूंनी बंद, आत पाना जाणार कुठून? आधी जिथे गाडी दाखवली, तिथे चॅनलला खिडकी पाडून नवा नट वेल्ड करायचा सल्ला मिळाला होता. तुम्ही म्हणालात, "वेल्डिंगने आतला रंग जळेल, आणि आत पुन्हा रंग मारायला हात पोचत नाही. दोन पावसाळ्यांत पत्रा खाल्ला जाईल." रत्नागिरीची खारी हवा तुम्हाला सांगायला नको.

मग तुम्ही रिव्हेट नट, म्हणजे मागून पाना न लावता एकाच बाजूने बसणारा नट, बाहेर काढलात. बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवलं, भोक ९ मिलिमीटर केलं, कडेची बर, म्हणजे धारदार कच, साफ करून उघड्या पत्र्याला प्रायमर लावला आणि एम-६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर बोल्टचा, नट आत सरकवला. नट बसवायचं टूल दाबल्यावर नटाचा मधला भाग पत्र्यामागे फुगून घट्ट धरतो. हँडल जड लागलं की थांबायचं, नाहीतर आटेच ओढले जातात, हे तुम्ही माझा हात हँडलवर ठेवून दाखवलंत. मी विचारलं, पत्र्यातच आटे पाडले तर? तुम्ही म्हणालात, एम-६ ला दर मिलिमीटरला एक आटा. एवढ्याशा पत्र्यात जेमतेम एकच बसेल, धरणार काय? हिशोब पटला. ॲल्युमिनियमचा नट स्वस्त पडला असता, तरी तुम्ही गुळगुळीत नव्हे, अंगावर रेघा असलेला स्टीलचा निवडलात. रेघा पत्र्याला धरून ठेवतात, नट फिरत नाही.

नंतर वाचलं, हा नट अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीने १९३० च्या दशकात काढला. विमानाच्या पंखांवरचं बर्फ फोडणारं रबर बसवायला! आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या टेम्पोतला.

पण खरे आभार तुमच्या नकाराचे. लगेहात सीटबेल्टचा सैल बोल्टही याच नटावर बसवा म्हटलं, तर तुम्ही टूल खाली ठेवलंत. "मडफ्लॅप पडला तर चिखल उडेल. तिथे माणूस बांधलेला असतो. हा नट पातळ पत्र्याचा, त्या झटक्याचा नाही." पैसे मिळत असताना गिऱ्हाइकाला नाही म्हणणारे किती असतात? कंपनीचा जाड पत्रा आणि मूळ बोल्ट मागवायला लावलात, तो खर्च मी आनंदाने केला.

पावसाळा गेला. परवा पट्टी सोडून पाहिली, बोल्ट हाताने सुटला आणि हाताने बसला.

सोमवारी धाकट्या भावाची रिक्षा पाठवतोय, मागचं मडगार्ड खडखडतंय. पैसे तो देईल, त्याच्याकडून घ्याच.

तुमचा,
ओम्नीवाला