दाढ दिवाळीत नाही

मिरज

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पैसे जमा झाले. पण रजेवर आल्या आल्या माझी इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायची दाढ उरकून टाकायचा तुझा बेत मी मोडते आहे. फोनवर 'आई, साखर काय, खालीवर होतच असते, आधी स्क्रू तर बसू दे' हे तुझं पालुपद सुरू झालं की मला बोलायला जागाच राहत नाही, म्हणून लिहायला बसले.

या वेळी माझा एचबीए१सी, म्हणजे साखरेच्या सरासरीचा आकडा, ८.६ आलाय. इतकी वर्षं लॅबमध्ये लोकांच्या रक्तातून हाच आकडा काढत आले, त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो हे मला चांगलं ठाऊक आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशींत चिकटून राहते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचं खाल्लंप्यालं सगळं त्यात उतरतं. आदल्या रात्री उपास करून ते झाकत नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, सातच्या आसपास आणा, मग बोलू. मधुमेह्याला इम्प्लांट करतच नाहीत असं काही नाही. साखर ताब्यात असली तर स्क्रू हाडात चांगला धरतो. घोर असतो तो पुढच्या वर्षांचा.

तुझ्या त्या व्हिडिओतल्या योस्टा लार्सनची गोष्ट खरी आहे. १९६५ साली स्वीडनमध्ये डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी त्याच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि २००६ मध्ये तो गेला तोवर ते त्याला पुरले. पण टायटॅनियमचं काय बिघडायचंय? भोवतीचं हाड राहायला हवं ना! आपल्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटला ते रुतत नाहीत, त्याच्या अंगाला समांतर नुसते टेकून असतात. रक्तपुरवठाही तिथे कमीच. त्यामुळे जंतूंचा थर एकदा हिरडीखाली उतरला की त्याला अडवायला फारसं कोणी नसतं. सुरुवातीला हिरडी लाल होते, ब्रशला रक्त लागतं, तेवढ्यावर सफाईने आवरतं. पण हाड झिजून स्क्रूचे आटे उघडे पडले की कठीण. हाडाने धरावं म्हणून ते मुद्दाम खरखरीत केलेले असतात, त्यात बसलेली घाण ब्रशने निघत नाही. बरं, इम्प्लांट किडत नाही, सहसा ठणकतही नाही, त्यामुळे माणूस निवांत असतो.

आता साखरेचं. बाबांचं म्हणणं, जंतूंना गोड मिळतं म्हणून ते माजतात. अगदीच चूक नाही. साखर वाढली की हिरडीच्या फटीत पाझरणाऱ्या पाण्यातही ग्लुकोज वाढतं, लाळही कमी पडते. पण मला पटलेलं कारण वेगळं आहे. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी मधुमेह झालेल्या उंदरांच्या तोंडातले जंतू काढून, जंतूविरहित वाढवलेल्या निरोगी उंदरांच्या तोंडात विरजण लावावं तसे सोडले. त्या निरोगी उंदरांच्या जबड्याचं हाड जास्त झिजलं! म्हणजे मधुमेहाने जंतूंची जातकुळीच बदलली होती. त्यांनी त्याचा दोष सुजेला दिला. शरीर आयएल-१७ नावाचं एक रसायन जादा सोडत राहतं, आणि त्या सुजलेल्या जागी उपद्रवी जंतूंचं फावतं. हे रसायन अडवणारं औषध दिलं तेव्हा जंतूंचा उपद्रवही कमी झाला. उंदरांवरचा प्रयोग आहे, माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे मलाही कळतं. तरी स्लाइडवर जंतू बघण्यात जन्म गेला, म्हणून मला तो फार आवडला. शिवाय साखर जास्त असली की आपल्या पांढऱ्या पेशीही आळसावतात, जखम रेंगाळते, ते वेगळंच.

परवा डॉक्टरांनी खुणांची बारीक सळई हिरडीत घालून दातादाताभोवती मोजलं. पलीकडे मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, तीन, तीन, आणि उजवीकडच्या शेवटच्या दाढेला सहा. सहा मिलिमीटर खोल खिसा, सळई काढताच रक्त. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या हिरड्या बिघडवणाऱ्या जंतूंना अशीच बिनहवेची जागा लागते. तो खिसा तसाच ठेवून पलीकडे नवा स्क्रू बसवायचा, म्हणजे भाडेकरू आपणच पाठवल्यासारखं झालं. म्हणून आधी हिरड्यांखालची खोल सफाई. तिने तीन-चार महिन्यांत एचबीए१सीही साधारण ०.४ ने उतरतो असं दिसलेलं आहे. छोटा आकडा वाटेल तुला, पण गोळी न वाढवता उतरतोय.

पैसे राहू देत माझ्याकडे, लागतीलच. इम्प्लांटनंतरही दर काही महिन्यांनी तपासणी आणि सफाई असते, तुझ्या त्या 'एका दिवसात दात' पॅकेजात तो खर्च कुठे धरलेला दिसला नाही मला.

आणि हो, तुझ्याही ब्रशला रक्त लागतं असं मुक्ता सांगत होती. आई-वडील दोघे मधुमेही, वर तुझी ती सिगरेट. निघण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घे, रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठव. येताना दातांच्या फटीत घालायचे ते छोटे ब्रश आण, सगळ्यात बारीक नंबरचे. इथल्या दुकानात जाडच मिळतात. चकल्या करून ठेवते.

तुझी
आई