दहा अँपिअरच्या भोकावरची काळी टेप

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुमच्या दुकानात येऊन आभार मानले तर तुम्ही मान न वळवता ‘बसा अक्का’ म्हणाल, चहा सांगाल आणि विषय मोटारीकडे न्याल, हे मला आता माहीत झाले आहे. त्या दिवशी तुम्ही फक्त नवीन सेलचे पैसे घेतलेत. बाकी दीड तासाचे काय, असे विचारल्यावर तुम्ही तांब्याच्या तारेचे रीळ उचलून आत गेलात. त्यामुळे जे बोलायचे राहिले ते इथे लिहिते. शिवाय, माझ्याकडे आहे तसला व्होल्ट, ओहम मोजायचा स्वस्त पिवळा मीटर (मल्टिमीटर) सोलापुरात किती घरांच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल, हा विचारही मनातून जात नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. मी तुमच्याकडे आले ती कूलरची जळलेली मोटार रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने भरायला, टाकायला. मीटर पिशवीत होता तो परतताना कचऱ्यात टाकायचा म्हणून. तो मी दोन वर्षांपूर्वी २२० रुपयांना घेतला होता. शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर हाताला काहीतरी उद्योग हवा, म्हणून मी घरातल्या बंद पडलेल्या वस्तू उघडू लागले. दिवाळीच्या माळा, नातवाची चावीऐवजी सेलवर चालणारी गाडी, अडॅप्टर, रिमोट. कोणती वायर आतून तुटली आहे हे मीटरच्या ‘बीप’वरून कळले की मला जो आनंद होई, तो नोकरीत बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता. पण दुकानदाराने मीटर देताना ‘सगळे मोजतो’ एवढेच सांगितले होते, आणि मीसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवून सगळे मोजत गेले.

यंदा एप्रिलमध्ये, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, त्या मीटरने घरातल्या सॉकेटमध्ये २६८ व्होल्ट दाखवले. मी घाबरले. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, हे मी स्वतः फळ्यावर लिहिलेले. एका मोठ्या दुकानात जाऊन आकडा सांगितला, तर तिथल्या गृहस्थांनी तो वहीत टिपून घेतला, चेहरा गंभीर केला आणि ‘फ्रिज जळायच्या आत आलात’ असे म्हणून मला ३,४०० रुपयांचा स्टॅबिलायझर दिला. आकडा कोणत्या मीटरने आला, तो मीटर कधी तपासला, आपल्या माणसाला पाठवून पाहू का, यातले काहीही त्यांनी विचारले नाही. स्टॅबिलायझर लावल्यावरही मीटरने आकडा चढाच दाखवला, तेव्हा मी परत गेले. त्या वेळी ‘तुमचा मीटरच खेळणे आहे’ असे उत्तर मिळाले. म्हणजे विकताना खेळण्याचा आकडा खरा होता आणि परत घेताना खोटा. जिथून मीटर घेतला त्या दुकानात गेले, तर ‘दोनशे रुपयांत काय सोनं पाहिजे का ओ’ असे चार गिऱ्हाइकांसमोर ऐकावे लागले. घरच्या एका इंजिनिअर मुलाने तर सहा हजारांच्या खालचा मीटर हातात धरणेच पाप, असा निकाल फोनवरून दिला.

या तिन्ही ठिकाणी मला उत्तरे मिळाली, पण प्रश्न कोणीच विचारला नाही. तो तुम्ही विचारलात. पिशवीतला मीटर तुम्हाला दिसला, तो हातात घेऊन तुम्ही म्हणालात, ‘अक्का, यातला सेल शेवटचा कधी बदलला?’

तो मी कधीच बदलला नव्हता. संक्रांतीच्या आधी, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, दाराला लावायच्या माळा दुरुस्त केल्या आणि मीटरचा नॉब ‘बंद’वर न आणताच तो कपाटात ठेवला. महाग मीटर काही मिनिटांनी आपले आपण बंद होतात. हा होत नाही, हे तुम्ही सांगितलेत. मागचे दोन स्क्रू काढून तुम्ही ९ व्होल्टचा सेल तुमच्या मीटरने मोजलात, तो ६.४ निघाला. मग जे समजावलेत ते विज्ञानाच्या शिक्षिकेने खाली मान घालून ऐकावे असेच होते. हा मीटर आतल्या एका ठरलेल्या विद्युतदाबाशी तुलना करून आकडा काढतो. सेल फार उतरला की तो ठरलेला दाबच घसरतो, आणि मोजायची वस्तू आहे तेवढीच असूनही आकडा फुगतो. म्हणजे सेल संपत आला की मीटर कमी दाखवेल असे जे आपल्याला वाटते, त्याच्या नेमके उलटे होते. पडद्यावर सेलची खूण येते म्हणतात. माझ्या मीटरवर ती आली नाही, किंवा आली तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

नवीन सेल घालून तुम्ही टेबलावर माझा आणि तुमचा मीटर शेजारी ठेवलात आणि एकच वस्तू दोन्हींनी मोजत गेलात. पेन्सिल सेल तुमच्यावर १.५८३, माझ्यावर १.५८. एक हजार ओहमचा रेझिस्टर माझ्यावर ९९४. माझा मीटर २० व्होल्टच्या मापावर होता आणि त्याचा पडदा १९९९ च्या पुढे मोजू शकत नाही, म्हणून शेवटचा आकडा कमी दिसतो, एवढाच फरक. बारा व्होल्टचा जुना जड अडॅप्टर सतरा दाखवतो म्हणून मी फेकून दिला होता, हे सांगितल्यावर तुम्ही हसलात. ट्रान्सफॉर्मरचे तसले अडॅप्टर भार नसताना जास्तच दाखवतात, त्यात थोडा वाटा उतरलेल्या सेलचा. बिचारा अडॅप्टर निर्दोष होता. ‘मीटर खोटा नाही अक्का, त्याला चुकीच्या जागी नेऊ नका,’ हे तुमचे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे पत्र आहे.

आकडे जुळल्याच्या आनंदात मी दोन्ही पिना उचलल्या आणि तुमच्या बोर्डावरच्या सॉकेटकडे गेले. २६८ चे काय होते ते मला तिथल्या तिथे पाहायचे होते. तुम्ही ओरडला नाहीत. बाजूला बसलेली दोन पोरे वर बघतील असेही काही केले नाहीत. फक्त उठलात आणि सॉकेटवर तळहात ठेवलात, जसे आपण तव्याकडे जाणाऱ्या लहान मुलासमोर सहज हात धरतो तसा. मग माझ्या हातातून मीटर घेऊन त्याची लाल वायर सर्वांत वरच्या भोकातून काढलीत आणि मधल्यात घातलीत. आकडे जुळल्यावर तुमच्या टेबलावरच एक एलईडी पट्टी किती करंट घेते ते मोजून मी ती तशीच ठेवली होती, आणि नॉब व्होल्टवर फिरवला की झाले, अशी माझी समजूत होती.

त्या वरच्या भोकाशेजारी ‘१० अँपिअर’ आणि त्याखाली इतक्या बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेले आहे, की चष्मा लावूनही मला ते तुम्ही दाखवल्यावरच दिसले. त्याच्या मागे फ्यूज नाही, जाड तारेचा एक तुकडा आहे, आणि त्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. नॉब कुठेही असो, ती तार थेट दोन पिनांच्या मध्ये येते. ओहमचा नियम मी आयुष्यभर शिकवला. २३० ला ०.०१ ने भागले की २३ हजार अँपिअर येतात, हे गणित सातवीतला मुलगाही करील. घरातली वायर तेवढा प्रवाह येऊ देणार नाही, पण जेवढा येईल तेवढा पिना वितळवून तोंडावर ठिणगी उडवायला पुरे. घरी आल्यावर हे मी कागदावर मांडले आणि मग बराच वेळ जेवायला बसले नाही.

पण तिथे, त्या क्षणी, तुम्ही मला यातले काहीच ऐकवले नाहीत. खिशातून काळ्या टेपचे रीळ काढलेत, नखाएवढा तुकडा कात्रीने कापलात, त्या भोकावर लावलात आणि अंगठ्याने कडा दाबून बसवल्यात. म्हणालात, ‘हे भोक आपल्याला लागत नाही.’ ‘तुम्हाला’ नाही, ‘आपल्याला’. आणि वर, तीन भोके इतकी जवळ ठेवणाऱ्यालाच अक्कल नाही, असे म्हणून चूक माझ्या पदरातून काढून मीटर बनवणाऱ्याच्या पदरात घातलीत. चार गिऱ्हाइकांसमोर सोन्याचा टोमणा खाल्लेल्या बाईला त्या ‘आपल्याला’चे काय वाटले असेल, ते मला नीट लिहिता येत नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला मी प्रत्येक वेळी असेच वागवले का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासोबत आहे.

मग सॉकेट तुम्ही स्वतःच्या हाताने, एकदाच, दोन्ही मीटरनी मोजून दाखवलात. माझा २३६, तुमचा २३४. स्टॅबिलायझरचे ३,४०० रुपये तिथेच, तुमच्या दुकानाच्या फरशीवर, मला मोजता आले असते. तुम्ही मात्र त्या दुकानदारालाही नावे ठेवली नाहीत. त्याला मीटरचे कळत नसेल, एवढेच म्हणालात. मला इतके मोठे मन नाही. त्याला ठाऊक नव्हते असे मी मानायला तयार आहे, पण विचारायला नको होते का?

असला मीटर घ्यावा की नाही, हे मला आता शेजारीपाजारी विचारतात, आणि मी तुमच्याच शब्दांत सांगते. सेल, अडॅप्टर, माळा, खेळणी, तुटलेली वायर, रेझिस्टर, डायोड यांसाठी अवश्य घ्यावा. शिकणाऱ्याने सहा हजारांची वाट पाहत बसू नये. हातून एखादा जळला तरी २२० रुपयांत शिकवणी झाली असे समजावे. सेल वर्षातून एकदा बदलावा, ठेवून देताना नॉब बंद करावा, आणि मीटरपेक्षा आधी त्याच्या वायरी बदलाव्यात, कारण त्यांच्यावर एक हजार व्होल्ट छापलेले असले तरी आत केसासारख्या चार तारा असतात आणि त्या पिनेच्या मुळाशी तुटतात. माझ्या नव्या वायरींना मीटरएवढेच पैसे पडले, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

भिंतीतल्या वीजपुरवठ्यासाठी मात्र हा नको. तुमच्या पूर्व भागात एकेका गल्लीत किती माग, किती मोटारी. त्या चालू-बंद होताना आणि वळवाच्या विजा पडताना लाइनवर क्षणभर येणारा झटका २३० चा नसतो, हजारांत जाऊ शकतो. ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असा सुरक्षेचा दर्जा खरोखर मिळवलेल्या मीटरला चाचणीत ६,००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसून दाखवावा लागतो. त्याच्या आत तारांमध्ये अंतर राखलेले असते आणि फ्यूज वाळू भरलेला असतो, काचेचा नव्हे. स्वस्त मीटरवर तीच अक्षरे छापायला काय लागते? शाई लागते. हे तुमचे म्हणणे ऐकून तुमच्याकडची पोरे हसली होती, मी नव्हते हसले.

आणखी एक सवय मी तुमच्याकडून उचलली. सॉकेटमध्ये वीज नाही असे मीटरने सांगितले, तर तुम्ही लगेच विश्वास ठेवत नाही. जिथे वीज आहे हे नक्की माहीत आहे तिथे मीटर आधी लावून पाहता, मग संशयित जागी, मग पुन्हा माहीत असलेल्या जागी. चाळीस वर्षे मोटारी भरणारा माणूस दर वेळी तिन्ही पायऱ्या करतो. त्या मोठ्या दुकानातल्या गृहस्थांनी यातली एक जरी केली असती, तरी माझा उन्हाळा स्वस्तात गेला असता.

स्टॅबिलायझर पुन्हा खोक्यात गेला आहे. त्यावर आता कुंडी ठेवली आहे. कूलर उत्तम चालतो. तुमच्या घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवली होती, ती वहिनींना पोचल्याचे कळले.

उन्हाने मीटरवरच्या टेपची एक कड थोडी सुटली आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये टेपचे अख्खे रीळ आहे. तरी ती बदलायला मी मंगळवारी तुमच्याकडेच येईन. चहा या वेळी मी सांगेन.

आपली नम्र,
पिवळ्या मीटरवाली अक्का