‘घरी जा’ म्हणणाऱ्या कॅडीमामांस अनावृत पत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या बॅगा वाहणारे कॅडी असलेल्या तुम्हाला लहानथोर सगळेच मामा म्हणतात आणि चारचौघांत स्वतःचे नाव घेतलेले तुम्हाला आवडत नाही, म्हणून या पत्रातही मी ते लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की आभाराचे दोन शब्द मी तोंडाने बोलू लागलो की तुम्ही “असू द्या साहेब” म्हणत बॅग खांद्याला लावून पुढे निघता आणि माझे वाक्य दर वेळी अर्ध्यावर राहते. कॅडींच्या शेडमध्ये बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे थेट पेनाने, खाडाखोड न करता सोडवणाऱ्या माणसाला हे लांबलेले पत्र वाचणे जड जाणार नाही, याची मला खात्री आहे.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मी आठवड्यातून दोनदा येरवड्याला येत असे. पहाटे उठायला घड्याळ लागत नसे. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभे राहिले की गवतावर दव असे, कुठेतरी टिटवी ओरडत असे आणि चेंडू रफमध्ये, कडेच्या वाढलेल्या गवतात, गेला तरी त्याच्यामागे चालत जाण्यात मौज वाटे. पुढे दोनाचे तीन झाले, तिनाचे चार, आणि वर्षभरात मंगळवार ते रविवार असे सहाही दिवस मी मैदानावर दिसू लागलो. सोमवारी मैदान बंद असते, तर त्या दिवशी मी रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, जाऊन चेंडू मारत बसे. माझा हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), 24 वरून 14 वर आला होता आणि तो एकआकडी करायचाच, असे मी घरात जाहीर करून टाकले होते. घरात कोणीही विचारले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

त्या दिवसांचा हिशेब मी नंतर मांडला. सवय बँकेची. एका फेरीत माझे 90 च्या आसपास फटके होत. त्यांतले 35 ‘पट’, म्हणजे भोकाजवळचे हलके फटके, वगळले तरी 55 उरतात. प्रत्येक फटक्याआधी दोन वेळा नुसती स्टिक फिरवून पाहायची माझी खोड, म्हणजे ते 165 झाले. आणि बहुतेक संध्याकाळी रेंजवर 100 चेंडूंची बादली. याचा अर्थ 61 वर्षांचा एक माणूस रोज अडीचशेहून अधिक वेळा, एकाच अंगाला, आपली पाठ पिळून काढत होता आणि त्याखेरीज आठ-नऊ किलोमीटर चालत होता. उजव्या कोपराची आतली बाजू दुखू लागली. अस्थिरोगतज्ज्ञांनी स्नायूबंध सुजल्याचे सांगून ‘गोल्फर्स एल्बो’ असे निदान केले आणि सहा आठवडे स्टिकला हात लावू नका असे बजावले. मी त्यांच्याकडून वेदनाशामक गोळ्या तेवढ्या लिहून घेतल्या.

कोपराचे दुखणे निदान दाखवता तरी येत होते. बाकीचे काय होते, याला मला नावच सापडत नव्हते. रात्री अंग मोडून आलेले असे, पण झोप लागत नसे. सकाळी बुटाची नाडी बांधताना नको वाटे, तरी पाय मात्र गाडीकडे वळत. चांगला फटका बसला तर आनंद होत नसे, फक्त सुटल्यासारखे वाटे, आणि वाईट बसला तर दिवसभर घरातल्यांशी धड बोलत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली ‘बर्नआउट’ची जी व्याख्या केली, तीत तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून जाणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही संज्ञा नोकरीधंद्यापुरतीच वापरावी, आयुष्याच्या इतर बाबींना लावू नये, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. मला ही अट वाचून हसू आले. मी 36 वर्षांची नोकरी सोडून दुसरी नोकरी धरली होती, आणि या नोकरीत पगार मीच भरत होतो.

हँडिकॅपच्या पद्धतीनेही माझ्या वेडाला खतपाणी घातले. 2020 पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्या पाहून त्यांतल्या उत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरतात. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याची एखादी सुरेख फेरी साडेचार महिने त्याच्या खात्यात राहते. मी आठवड्याला सहा फेऱ्या टाकत होतो, त्यामुळे माझी जमा साडेतीन आठवड्यांत खात्यातून निघून जाई. तिची भरपाई करायची म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, दमलेल्या अंगाने आणखी वाईट खेळायचे, आणि तेवढ्यात मागची आणखी एक चांगली फेरी वगळली जायची. हे चक्र पद्धतीने माझ्यावर लादले नव्हते. मीच त्यात पाय घातला होता.

आता ऑक्टोबरमधल्या त्या सकाळीबद्दल लिहितो, कारण तिची मला लाज वाटते. अकराव्या होलवर, म्हणजे फेरीतल्या अठरा टप्प्यांपैकी अकराव्यावर, तुम्ही 140 यार्ड सांगितले आणि सात नंबरची स्टिक हातात दिलीत. माझा चेंडू स्टिकच्या मानेला लागून उजवीकडे झाडीत गेला. त्याआधीच्या दोन होलवरही तसेच झाले होते. मी तुमच्या अंगावर ओरडलो, अंतर चुकीचे सांगता म्हणालो, तेही बरोबरच्या तिघांदेखत. 140 म्हणजे 140 च होते, हे तुम्हाला माहीत होते आणि मलाही. तुम्ही काही बोलला नाहीत. बॅग सावलीत टेकवलीत, तिचा बाजूचा कप्पा उघडलात आणि त्यातून माझे जुने तीन हातमोजे काढून गवतावर ओळीने मांडलेत. ते मी फेकून दिले आहेत अशीच माझी समजूत होती.

पहिला हातमोजा उन्हाळ्यातला होता. तो सगळीकडे सारखा मळलेला, पण धड होता. दुसऱ्याच्या तळव्यावर, करंगळीच्या खालच्या बाजूला, चामडे पातळ होऊन चकाकत होते. तिसरा मी नऊच दिवसांपूर्वी नवा काढला होता आणि त्याच जागी त्याला आरपार भोक पडले होते, चांगले एक रुपयाचे नाणे जाईल एवढे. तुम्ही त्या भोकातून आपले बोट काढून मला दाखवलेत आणि म्हणालात, “साहेब, फटका चुकतो म्हणून तुम्ही स्टिक आवळता, आणि आवळता म्हणून फटका चुकतो. कोपराला बाम लावून काय होणार? आता घरी जा. दोन महिने मला तोंड दाखवू नका.”

जून महिन्यापासून बायको हेच सांगत होती. डॉक्टरांनीही तेच सांगितले होते. मग मी तुमचेच का ऐकले, हा प्रश्न सौभाग्यवतींनी मला त्याच दुपारी विचारला, आणि त्याचे उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. डॉक्टरांचे माझ्या येण्याजाण्याने काही अडत नव्हते. तुमचे अडत होते. तुम्हाला मैदानावर महिन्याचा पगार नाही. बॅग उचलली तर फेरीचे पैसे, नाही उचलली तर नाही. आठवड्याला सहा ठरलेल्या फेऱ्या देणारा माणूस तुमच्यासाठी जवळजवळ नोकरीच होता, आणि त्याला तुम्ही आपण होऊन घरी पाठवलेत. सात आठवडे, 42 फेऱ्या. माझ्या कारकिर्दीत मी अनेकांना कर्जे नाकारली, पण स्वतःच्या खिशाला चाट लावून कोणाला शहाणपण सांगितल्याचे मला आठवत नाही.

त्या सुट्टीतले पहिले दहा दिवस वाईट गेले. दिवाणखान्यात उभे राहून मी छत्री फिरवत असे. तिसऱ्या आठवड्यात तुमचा फोन आला, “सोमवारी या, स्टिक आणू नका.” आलो तर ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, यंत्र चालू होते. पोकळ दात्यांचे ते यंत्र जमिनीत घुसून मातीच्या बोटभर कांड्या बाहेर टाकत होते, जाड शेव सांडल्यासारख्या, आणि मागून माळी त्या भोकांत वाळू लोटत होते. रोज तुडवून माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरच साचते, आणि वरून हिरवे दिसणारे गवत आतून मरत असते, असे तुम्ही सांगितलेत. एक कांडी उचलून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलीत. वरचे दोन पेरे मुळांनी भरलेले होते आणि खाली नुसता घट्ट, काळपट गोळा होता. तुम्ही माझ्याविषयी अवाक्षरही काढले नाहीत. चहा पाजलात आणि परत पाठवलेत. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान, जे 1764 साली 18 होलचे झाले आणि ज्याच्यामुळे पुढे गोल्फला 18 होल मिळाले, ते आजही एरवी रविवारी खेळासाठी बंद असते आणि गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरायला येतात, हे मला ठाऊक होते. मी ते मित्रांना कौतुकाने सांगतही असे. सोमवारी रेंजवर जाताना मात्र ते मला कधी आठवले नाही.

रिकाम्या वेळात वाचलेली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. बायरन नेल्सन या अमेरिकी खेळाडूने 1945 या एका वर्षात 18 स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या 11 लागोपाठ. हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या 34 व्या वर्षी, तो नियमित खेळातून बाजूला झाला आणि बक्षिसांच्या पैशातून टेक्सासमध्ये घेतलेल्या जमिनीवर गुरे पाळू लागला. ज्याचा खेळावर चरितार्थ होता त्याला थांबणे कळले. मला कळायला तीन फाटके हातमोजे लागले, आणि तेही दुसऱ्याने जपून ठेवलेले.

डिसेंबरात मी परत आलो तेव्हा तुम्ही बॅगेतून 14 पैकी तीनच स्टिक काढून घेतल्यात: सात नंबर, एक वेज आणि पटर. नऊच होल, असे बजावलेत. मी फटके लिहायचे कार्ड मागितले तर कानामागे शब्दकोड्याचे पेन खोचलेले असताना तुम्ही बिनदिक्कत म्हणालात, “आज पेन नाही, साहेब.” त्या दिवशी मी किती फटक्यांत खेळलो हे मला सांगता येणार नाही. पाचव्या होलवर टिटवीने आपल्या डोक्यावरून ओरडत दोन फेऱ्या मारल्या आणि तिची पिल्ले असतील म्हणून आपण वाट बदलून गेलो, एवढे मात्र पक्के आठवते.

सध्या माझा हँडिकॅप 16 आहे, म्हणजे पूर्वीपेक्षा दोनने वाईट. पाण्याची भरलेली बादली उचलताना कोपर अजून कुरकुरते. झोप परत आली आहे. मंगळवार आणि शनिवार सोडून तिसऱ्या दिवशी येण्याचा मोह दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा तुम्ही गेटवरूनच हात हलवून मला परत लावलेत.

त्या सकाळी तुमच्यावर ओरडलो, त्याबद्दल मी सर्वांसमक्ष तुमची क्षमा मागतो. 42 फेऱ्यांचे पैसे मी जानेवारीत देऊ केले तेव्हा “दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्या की” म्हणून तुम्ही ते परत केलेत. त्या सात आठवड्यांत तुम्हाला रोज बॅग मिळाली नव्हती, हे मला तुमच्याच शेडमधून कळले आहे. तेव्हा पाकीट मी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, त्या भोक पडलेल्या हातमोज्यात घालून ठेवले आहे. तो कप्पा माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त उघडता. शनिवारी साडेसहाला पोहोचतो.

तुमचा कृतज्ञ,
मंगळवार-शनिवारचा साहेब