कणकुंबीच्या वाटेवर भेटलेल्या मामांना

मामा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. घरी पोचल्यावर आई पहिल्यांदा तेच बोलली, "एवढं केलं त्या माणसानं आणि तू नावसुद्धा विचारलं नाहीस." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. जांबोटी-कणकुंबी भागातलं कुणी वाचलं, तर कृपा करून त्यांना वाचून दाखवा. आषाढातल्या मुसळधार पावसात, डांबरी सोडून आत आलेली पांढरी गाडी तुम्ही हात आडवा करून थांबवलीत. त्या गाडीतला मी. सोबत आई आणि बहीण होती.

आम्ही बेळगावचे, शहापूरचे. चोर्ल्याला जाऊन धुक्यातले फोटो काढायचे, एवढाच बेत होता. पिरनवाडी, किणये मागं पडलं तसा पाऊस वाढत गेला. कुसमळीच्या पुलाजवळ थांबून तांबूस, फुगलेल्या मलप्रभेचे फोटो घेतले. जांबोटीनंतर तर दर दोन वळणांवर गाडी उभी करत होतो. ऐन-जांभळाच्या झाडांतून ढग रस्त्यावर उतरत होते आणि आईही कंटाळली नव्हती. मग पुढं झाड आडवं पडलेलं, गाड्यांची रांग लागलेली. फोनवरच्या नकाशात आतून एक वाट दिसली आणि मी स्टिअरिंग वळवलं. ती चूक माझी.

"फुडं जाऊ नकोसा. ओढा भरलाय, मोरीवरनं पाणी चाललंय."

डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची पेंढी. मामा, खरं सांगतो, त्या क्षणी मला तुमचा थोडा राग आला होता. मी म्हटलं, बघून येतो. तुम्ही वाद घातला नाहीत. पेंढी बांधावर ठेवलीत आणि मला चालत ओढ्यापर्यंत घेऊन गेलात. पाणी गुडघाभरच वाटत होतं, पलीकडची वाट स्पष्ट दिसत होती. तुम्ही जवळची लांब काठी घेतलीत आणि मोरीच्या मधोमध पाण्यात खुपसलीत. काठी जवळजवळ सगळी आत गेली. "मधला भराव गेल्या पावसातच गेलाय," एवढंच बोललात. आई मागच्या सीटवर बसली होती. ती काठी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

गाडी मागं घेताना मागचं चाक रुतलं. तेव्हा तुमच्या शेतातल्या सहा बायका रोपलावण सोडून वर आल्या. तुम्ही चाकाखाली जांभ्याचे तुकडे रचलेत, वर पोतं अंथरलंत आणि सगळ्यांनी मिळून ढकललं. चिखल त्यांच्या तोंडावर उडाला, तरी एकीनंही कपाळाला आठी घातली नाही. त्या बायका पैऱ्यावर आल्या होत्या, हे मला मागाहून आईनं सांगितलं. आज त्या तुमच्या शेतात, उद्या तुमच्या घरची माणसं त्यांच्या शेतात. पैऱ्याचा दिवस म्हणजे मोजलेला दिवस. त्यातले दोन-अडीच तास तुम्ही आम्हाला दिलेत. चहाच्या पैशांसाठी मी खिशात हात घातला तेव्हा तुमचा चेहरा का उतरला, ते आता कळतंय. त्याबद्दल माफी मागतो.

घरी नेलंत तेव्हा मामी चुलीपाशी खवा आटवत होत्या. मी कॅमेरा काढला, तर वाफेनं लेन्सवर धुकं धरलं. पुसलं की परत धरायचं. शेवटी कॅमेरा बाजूला ठेवला आणि बघत बसलो. कलथा कढईच्या तळातून एका लयीत फिरत होता, क्षणभरही थांबत नव्हता. थांबला की खवा खाली लागतो, असं मामी म्हणाल्या. चार-पाच लिटर म्हशीचं दूध आटवावं तेव्हा कुठं किलोभर खवा हाताला लागतो. आम्ही बेळगावात लहानपणापासून कुंदा खातो, पण त्यातला खवा आटवणाऱ्या हाताला असे चटक्याचे डाग असतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आईला त्यांनी पाय शेकायला निखारे दिले, माझ्या बहिणीला कोरडं लुगडं दिलं. दोघीजणी अजून मामींचंच नाव काढतात.

पाऊस थोडा उघडल्यावर तुम्ही घरामागच्या चढावर नेलंत. "ह्या अंगाला पडलं की मलप्रभेत, त्या अंगाला पडलं की म्हादईला." मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे शाळेत पाठ केलं होतं. म्हादई गोव्याकडे जाते, तेही माहीत होतं. पण एकाच चढावर उभं राहून, दोन्हीकडं उतरणारं पाणी कधी बघितलं नव्हतं. त्या ओहोळांत पाऊलही बुडत नव्हतं. चोर्ल्याला पोचलो असतो तर दऱ्याखोऱ्यांचे फोटो मिळाले असते, हे मात्र मिळालं नसतं.

परत निघालो तेव्हा धुकं इतकं दाटलं की बॉनेटपुढचं दिसेना. तुम्ही गाडीपुढं चालत निघालात. आई काच खाली करून "बसा की हो आत" म्हणत राहिली, तुम्ही मागं न बघता हात हलवलात. डांबरी लागेपर्यंत वायपरच्या पलीकडं तुमचं इरलं तेवढं दिसत होतं. आईनं फोनवर त्याचा एक फोटो काढलाय. थोडा हललाय, काचेवरचे थेंबही आलेत. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा तो मला जास्त मोलाचा वाटतो. मोठा करून चौकटीत बसवून घेतलाय.

चवथीच्या आधी येतोय, मामींसाठी चांगलं लुगडं घेऊन. तुमचं पोतं गडबडीत आमच्या डिकीतच आलं. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलंय.

तुमचा,
शहापूरचा पांढऱ्या गाडीवाला