खानावळींच्या गॅसची दरवर्षी तपासणी सक्तीची करा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

गेली 18 वर्षे मी पुण्यात खानावळ चालवते. चार वर्षांपूर्वी एका पहाटे आमच्या आचाऱ्याने कुलूप काढताच त्याला गॅसचा वास आला. त्याने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, दारे सताड उघडली आणि तो बाहेर येऊन उभा राहिला. नंतर फिटरने साबणाचे पाणी लावले, तेव्हा भट्टीमागे उंदराने कुरतडलेल्या नळीवर बुडबुडे येऊ लागले. रात्री शेगड्या बंद केल्या होत्या, पण बाटल्याची चावी उघडीच राहिली होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो मोरीलगत साचला होता आणि वरचा एक्झॉस्ट पंखा त्याला बाहेर काढू शकला नसता.

त्या दिवशी आमच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर आगप्रतिबंधक प्रमाणपत्र लावलेले होते. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ते घ्यावे लागते. आमच्याकडे आलेल्या माणसाने अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा पाहिल्या, भट्टीमागे मात्र तो वाकला नाही. आग विझवण्याच्या साधनांइतकेच ती जिथून लागते त्या नळीकडेही पाहिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. 16 ऑक्टोबर 2015 रोजी कुर्ल्याच्या एका उपाहारगृहात गॅसगळतीतून आग लागून 8 जण दगावले. त्यांत दुपारी जेवायला गेलेली कॉलेजची मुले होती.

गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे 100 किलोपर्यंत एलपीजी ठेवायला परवाना लागत नाही. 19 किलोचे पाच बाटले 95 किलो भरतात, म्हणजे बहुतेक खानावळी या अटीच्या बाहेरच राहतात.

म्हणून माझी विनंती आहे की, बाटल्यापासून बर्नरपर्यंतच्या संपूर्ण जोडणीची, आणि पाइपचा गॅस असेल तिथे मीटरपासून पुढच्या लाइनचीही, दाब देऊन गळती तपासण्याची चाचणी वर्षातून एकदा सक्तीची करावी. ती मालकाशी किंवा गॅस वितरकाशी संबंध नसलेल्या प्रशिक्षित माणसाने करावी. आणि तिची तारीख स्वयंपाकघराच्या दारावर, कामगारांना वाचता येईल अशी, मराठी व हिंदीत लावावी. शुल्क शेगड्यांच्या संख्येवर ठरवावे, कारण दोन शेगड्यांच्या वडापाववाल्याला मोठ्या हॉटेलाएवढा भुर्दंड सोसवणार नाही.

आम्ही आता दर जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, स्वखर्चाने ही तपासणी करून घेतो. एका सकाळपुरते जेवण उशिरा लागते.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक खानावळचालक