ओझोनची पेटी झोपायच्या खोलीत नको

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका प्रदर्शनातून आमच्या व्याह्यांनी हवा शुद्ध करायची पेटी आणली. विकणाऱ्याने सांगितलं, 'वीज कडाडून गेल्यावर जशी ताजी हवा येते, तशी घरबसल्या.' व्याह्यांना दमा. आठवडाभर दारं-खिडक्या लावून ती उशाशी चालवली. खोकला थांबेना तेव्हा मला बोलावलं. खोलीत पाऊल टाकताच ओझोन वायूचा वास ओळखला; पेटी तोच सोडत होती. टेबलावर बीपीचं यंत्र होतं. त्याच्या गुंडाळलेल्या रबरी नळीला वळणावर बारीक तडे गेले होते. ओझोन रबर असंच फोडतो. फुप्फुसाला तो सोडेल कशाला?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डायिंगमध्ये मी मेंटेनन्सला होतो. रंगाच्या पाण्याचा रंग काढायला तिथे ओझोन प्लांट होता. लाल पाणी बघता बघता फिकं पडायचं, तेव्हा ओझोन वाईट असं मी म्हणणार नाही. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचं पाणी त्याने शुद्ध करू लागले. ओझोन बनवायच्या यंत्राची रचना मुळात १८५७ सालची, जर्मनीच्या सीमेन्सची: दोन धातूंच्या मध्ये काच, बाजूला अरुंद फट, फटीतून हवा आणि वर हजारो व्होल्ट. काचेमुळे मोठी ठिणगी पडत नाही, जांभळा उजेड पसरतो. त्यात ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि सुटा अणू दुसऱ्या रेणूला जाऊन चिकटतो, की झाला ओझोन. हवेतून वजनाने फार तर दोन-तीन टक्के मिळतो. बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि उष्णतेने ओझोन पुन्हा मोडतो. म्हणून आपल्या मे महिन्यात कूलिंगचं पाणी तापलं की आमचं उत्पादन बसलंच.

हवा कोरडी करून घ्यावी लागते ते वेगळंच. ड्रायर बिघडला की दमट हवेतला नायट्रोजन नायट्रिक ॲसिड होऊन यंत्राचे सांधे खातो. या घरगुती पेटीला ड्रायर कुठला? खोलीतली हवा ओढायची आणि तिथेच सोडायची. कारखान्यात उरलेला ओझोन मोडूनच बाहेर सोडत होतो, आणि दहा लाख भागांत ०.१ भागाला अलार्म वाजला की आम्ही बाहेर पळायचो.

पेटीवर 'ताशी ५०० मिलिग्रॅम' लिहिलंय. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाभरात झालेल्या ओझोनपैकी नऊ दशांश मोडला असं धरलं, तरी घनमीटरला जवळपास १,४७० मायक्रोग्रॅम उरतो. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची २००९ ची मर्यादा तासाभराच्या सरासरीने घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम आहे.

पेटी काढून खिडक्या उघडल्या. व्याही आता बरे आहेत. विक्रेत्यांनी 'माणूस आत असताना लावू नये' एवढं तरी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहावं. त्या प्रदर्शनाचं पत्रक आपल्याच अंकाच्या घडीतून आलं होतं, म्हणून हे पत्रही आपल्याकडेच पाठवतोय.

– एक निवृत्त मेंटेनन्स फिटर, सोलापूर